‘दुर्लक्ष करा’चं बटण

कम्प्युटरवर फुकटचा अँटीव्हायरस ठेवायचा की विकतचा आणायचा, या एका प्रश्नावर चौबे कॉलनीतल्या काळमेघांच्या घरात तीन रविवार भांडण चाललं. चौथ्या रविवारी निकाल लागला, आणि तो असा लागला की रायपुरातल्या निम्म्या मराठी घरांत त्या दिवशी जेवणं उशिरा झाली.

यशवंतराव काळमेघ रेल्वेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. दर रविवारी सकाळी दहा ते एक ते घरच्या कम्प्युटरवर लोकांच्या पत्रिका जुळवून देत. पैसा घेत नसत, चहा मात्र आग्रहाने पाजत. रायपुरात मराठी पत्रिका वाचणारा गुरुजी सापडणं कठीण, आणि दोन सापडले तर दोघांची उत्तरं वेगळी. म्हणून लोकांचा भरवसा यशवंतरावांवर, आणि यशवंतरावांचा कम्प्युटरवर. छत्तीसपैकी अठरा गुण आले तर लग्न, कमी आले तर चहा पिऊन घरी. कागदाला चारी बाजूंनी झेंडूच्या फुलांची चौकट असे, वर गणपती. जमलेल्या जोड्यांचे फोटो हॉलच्या भिंतीवर लावलेले होते. मोडलेल्यांचे फोटो कोणी काढत नाही.

गेल्या महिन्यात एका मुलीच्या वडिलांसमोर गुणांचा तक्ता उघडायच्या ऐवजी पत्त्यांच्या खेळाची जाहिरात उघडली आणि तिच्यातली बाई मधाळ आवाजात म्हणाली, “आइए, किस्मत आज़माइए.” त्या गृहस्थांना वाटलं, हाही विधीचा भाग असेल. ते हात जोडून बसले. भांडण तिथून सुरू झालं.

“बाबा, ये फ्रीवाला हटाओ,” अनुश्री म्हणाली. ही यशवंतरावांची एकुलती एक मुलगी, एकोणतीस वर्षांची. नव्या रायपुरात नोकरी, आठवड्यातून दोन दिवस घरून काम, तेही याच कम्प्युटरवर. तिला मराठी सगळं समजतं, पण रागावली की उत्तर हिंदीत निघतं. “मेरे ऑफिस की फाइलें इसी में हैं. कुछ हुआ तो नौकरी मेरी जाएगी.”

“अकरा वर्षं झाले त्याले,” यशवंतराव म्हणाले. “कायी झालं काय?”

“हुआ कि नहीं, ये आपको पता कैसे चलेगा?”

“कायी झालं असतं तर त्यानं सांगतलं असतं.”

“बताता तो है. रोज़ बताता है. आप दबा देते हो.”

हे खरं होतं. रोज सकाळी कम्प्युटर सुरू झाला की कोपऱ्यात एक पिवळी पट्टी येई, ‘एक फाईल संशयास्पद आहे, काय करू?’ खाली दोन बटणं. यशवंतराव ‘दुर्लक्ष करा’ दाबत आणि मग देवाला नमस्कार करत. हा क्रम त्यांनी कधी चुकवला नाही.

फुकटच्या बाजूने धर्मपाल गजभिये होते. यशवंतरावांचे रेल्वेतले जुने दोस्त, सिग्नल खात्यातले, सकाळच्या चहाला रोज हजर. ते म्हणत, “बाई, फुकटवाला जाहिरात दाखवते, विकतवाला पावती दाखवते. काम दोघंबी सारखंच करते. माह्या घरी फुकटचाच आहे, मी कायी मेलो नाही.”

“काका, आपके कम्प्यूटर में है क्या? ताश का पत्ता और रिटायरमेंट का फोटो.”

“मंग? चोर आला तर त्याले निदान फोटो पाहाले भेटन.”

“अन् विकतचा घेतला तर दर वर्षी पैसे,” यशवंतराव म्हणाले. “जे डोळ्याले दिसत नाही त्याचे पैसे कायले द्याचे?”

दर रविवारी लोकांना न दिसणारे गुण वाटणारा माणूस हे बोलत होता. घरात कोणी हसलं नाही, कारण त्या घरात गुणांवर हसायची सोय उरली नव्हती.

फेब्रुवारीत अनुश्रीने उदय वानखडे नावाच्या मुलाला घरी आणलं होतं. माती तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत कामाला, मूळचा अमरावतीचा. आल्या आल्या त्याने अनुश्रीच्या आईच्या, मंदाकिनीबाईंच्या, स्वयंपाकघरातला गळका नळ पाहिला आणि पाना मागितला. जेवताना भाकरी दोनदा घेतली. यशवंतरावांना मुलगा आवडला. इतका आवडला की त्यांनी त्याला स्वतःच्या हाताने पान लावून दिलं, आणि मग त्याची जन्मवेळ विचारून कम्प्युटरसमोर बसले. साडेअकरा आले.

“नियम सगळ्याइले सारखा,” ते म्हणाले. “लोकाइच्या पोरी मी अठराच्या खाली जाऊ देल्या नाही. आपल्या पोरीसाठी नियम मोडला तर उद्या तोंड काय दाखवू?”

त्यांनी हे दुःखाने म्हटलं, पण म्हटलं. कम्प्युटर कुणाचा सोयरा नसतो, हे त्यांचं आवडतं वाक्य. प्रामाणिक माणसाचा हा एक आजारच आहे. त्याला स्वतःच्या घरात अन्याय करता आला की आपण फार न्यायी आहोत असं वाटतं. अनुश्रीने भांडण केलं नाही. ती वडिलांशी हिंदीतच बोलू लागली, एवढंच. आता उदयच्या घरचे दुसऱ्या मुली पाहायच्या गोष्टी करत होते. महिनाअखेर भिलाईला एक कार्यक्रम ठरलाही होता.

तिसऱ्या रविवारी वाद चिघळला तेव्हा अनुश्री बऱ्याच दिवसांनी सरळ मराठीत म्हणाली, “लग्न तुमच्या कम्प्युटरनं मोडलं. नोकरी तरी राहू द्या.”

यशवंतराव बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, “आण तुहा विकतचा.”

शनिवारी दुपारी तो विकतचा आला, बसला आणि कामाला लागला. दोन तास त्याने कम्प्युटरचा कोपरा न् कोपरा हुंगला. शेवटी हिरवा रंग दाखवून म्हणाला, ‘एक धोका आढळला. काढून टाकला.’

“पाह्य,” यशवंतराव खूश झाले. “इतक्या वर्षांत एकच निघाला. म्हंजे फुकटवाला कायी वाईट नव्हता.”

“इसने पूछा भी नहीं?” अनुश्री स्वतःशी म्हणाली. कोणता धोका, हे पाहायला ती यादी उघडणार तोच ऑफिसचा फोन आला आणि ते राहून गेलं.

रविवारी अकरा वाजता भनपुरीहून सुशील मोहोड आणि त्यांची बायको राधिका आले. सुशीलचं ट्रान्सपोर्टचं गोदाम. त्यांना धाकट्या भावासाठी, अर्जुनसाठी, एक पत्रिका जुळवायची होती. ही जोडी यशवंतरावांच्या खास अभिमानाची. नऊ वर्षांपूर्वी त्यांनीच यांचे बत्तीस गुण काढले होते आणि भिंतीवर यांचाच फोटो मधोमध होता. मंदाकिनीबाईंनी पोहे दिले. धर्मपाल त्यांच्या ठरलेल्या खुर्चीत होते.

यशवंतरावांनी हात धुतले आणि पत्रिकेचं सॉफ्टवेअर उघडलं. पडद्यावर झेंडू आले नाहीत. पडदाभर लाल अक्षरं आली. सुशीलला मोठ्याने वाचायची सवय होती.

“यह नमूना प्रति है. इसमें दिखाए गए गुण केवल उदाहरण के लिए हैं, वास्तविक नहीं. सही मिलान के लिए पंजीकरण कराएँ.” सुशीलने पुन्हा वाचलं. “काका, हे काय आहे?”

“जाहिरात आहे,” यशवंतराव म्हणाले आणि चौकट बंद केली. ती पुन्हा आली.

अनुश्री आतून आली. तिने कालची यादी उघडली, काढून टाकलेली फाईल पाहिली आणि विचारलं, “बाबा, ये सॉफ्टवेयर कहाँ से लिया था?”

नागपूरच्या मावसभावाने दिलं होतं, बारा-तेरा वर्षांपूर्वी, सीडीवर. तेव्हाही असंच काहीसं लाल दिसे. मग भावाने एक छोटी फाईल वेगळी दिली आणि सांगितलं की ही एकदा चालवली की झालं तुझं काम. चालवली, आणि लाल चौकट गेली. यशवंतरावांनी तेव्हा पेढे वाटले होते.

अनुश्री शांतपणे म्हणाली, “त्या फाईलनं सॉफ्टवेअर खरं नाही झालं, बाबा. तिनं फक्त चौकट झाकली.”

सुशीलने पोह्यांची बशी खाली ठेवली.

“म्हंजे आमचे बत्तीस?”

“थांब, पाहू दे मले.” यशवंतराव पडद्याकडे वाकले.

“बत्तीस नव्हतेच,” राधिका म्हणाली. “तरीच.”

“तरीच म्हंजे काय?”

“तरीच म्हंजे तरीच. नऊ वर्षं मी समजून राहिली होती की बत्तीस असून असं आहे, म्हंजे चूक माहीच असन.”

“अन् मी काय समजून राहिलो होतो, तुले मालूम आहे? प्रत्येक भांडणात मले वाटे, बत्तीस आहे बाप्पा, सहन कर.”

“तुम्ही सहन केलं? तुम्ही?”

“भांडू नका,” मंदाकिनीबाई मधे पडल्या. “पोहे गार होऊन राहिले.”

धर्मपाल उठून कम्प्युटरसमोर बसले. “यशवंता, मी पाहतो, खरंच नमुना आहे का.” वराच्या जागी त्यांनी स्वतःचं नाव, तारीख, वेळ घातली. मग विचारलं, “वहिनी, हे फ्रिज कधी घेतलं?”

“अनु दहावीले होती तवा. अक्षय तृतीयेले. काहून?”

वधूच्या जागी त्यांनी फ्रिज लिहिलं, जन्मवेळ दुकानातून घरी आल्याची घातली. जन्मगाव रायपूर. एकोणतीस गुण आले. नाडीदोष नाही.

“मंगळबी नाही तिले,” धर्मपाल म्हणाले. “आमच्यात बुद्धासमोर पोट्टा-पोट्टीले विचारते अन् लगन लावते, म्हणून मले हे कधी समजलंच नाही. नाहीतर मी तवाच आलो असतो मागणी घालाले.”

राधिकाला हसू आलं. ते थांबवायला तिने पदर तोंडाला लावला, पण सुशीलही हसत होता. दोघं एकमेकांकडे बघून असे हसले, जणू नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्यामध्ये कोणताच आकडा बसलेला नव्हता. मग सुशील उठला. “काका, अर्जुनचं राहू द्या. त्यालेच पाठवतो पोरीले भेटाले,” तो म्हणाला, आणि गाडीत बसायच्या आधीच त्याने तीन जणांना फोन लावले.

दीड वाजेपर्यंत गावभर झालं. यशवंतराव शिव्यांची वाट पाहत फोनजवळ बसले होते. तसं झालं नाही. जे आलं ते शिव्यांपेक्षा वाईट होतं. एका गृहस्थाने विचारलं की आमचे एकवीस होते, ते चुकून जास्तीचे असतील का. दुसऱ्याने विचारलं, कमी असतील का. एकीने सांगितलं की सासूला कळू देऊ नका, तिला अठ्ठावीस आहेत असं वाटतं म्हणून ती मला बरी वागवते. कुणाला खरं नको होतं. प्रत्येकाला आपापल्या सोयीचा आकडा हवा होता.

मग मराठी मंडळाचे सचिव शेखर देशकर यांचा फोन आला. ते सचिवालयात मोठ्या हुद्द्यावर होते आणि कुठलीही भानगड मिटवायच्या आवाजात बोलत.

“काका, घाबरू नका. मी अनुश्रीशी बोललो. ते विकतचं काढून टाका.”

“काढून?”

“काढा आणि फुकटचं परत लावा. तो विचारेल, तुम्ही ‘दुर्लक्ष करा’ म्हणा. ती छोटी फाईल परत ठेवा, चौकट जाईल. पुढच्या आठवड्यात माझ्या पुतणीचं बघायचंय.”

“पण शेखरराव, आकडे खोटे आहे.”

“खोटे आहेत, पण सगळ्यांना मान्य आहेत ना? लोकांना आकडा लागतो, काका. ‘पोरगी पसंत नाही’ असं तोंडावर कसं म्हणणार? गुण जुळत नाहीत म्हटलं की संबंध टिकतात. तुम्ही समाजाचं किती मोठं काम करता, तुम्हाला कल्पना नाही.”

यशवंतरावांनी फोन ठेवला. इतकी वर्षं आपण ज्योतिष करतो असं त्यांना वाटत होतं. लोकांनी त्यांना नकार पोहोचवायचं पोस्टखातं करून ठेवलं होतं, आणि तेही बिनपगारी.

“ऐकलं?” ते धर्मपालना म्हणाले. “फुकटवाला परत लाव म्हणते. फुकटवाला चांगला, तो बोलत नाही.”

“फुकटवाल्याले कायले बदनाम करतं?” धर्मपाल म्हणाले. “तो बिचारा अकरा वर्षं रोज सकाळी सांगून राहिला होता, साहेब, काहीतरी गडबड आहे. विकतवाल्याले पैसे देल्ले, त्यानं इचारलं नाही, उचलून फेकलं. फरक इतकाच. दोघाइलेबी दिसलं. नाही दिसलं ते तुले.”

यशवंतराव जेवायला उठले आणि दोन घास खाऊन परत आले. तेवढ्यात शेवटचा फोन आला.

“काका, मी कलावती बोलते. कलावती ढोके.”

यशवंतरावांना आठवायला वेळ लागला, आणि आठवलं तेव्हा आठवायला नको होतं असं वाटलं. दहा वर्षांपूर्वी शाळेतल्या एका शिक्षकाचं स्थळ तिने स्वतःच आणलं होतं. चौदा गुण आले होते. तिच्या आईने खूप विनवलं. तेव्हाही यशवंतराव दुःखाने म्हणाले होते, नियम सगळ्याइले सारखा. त्या शिक्षकाचं पुढे दुसरीकडे झालं. कलावतीचं झालं नाही.

“मले शेखरभाऊकडून समजलं,” ती म्हणाली. “तुम्ही फोन कराले पायजे होता.”

“हव. कराले पायजे होता.”

“तो चौदा कुठून आला होता?”

“कुठूनच नाही, बाई. नमुन्याचा होता.”

तिच्या मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. “मले वाटलं होतं, मले खूप राग येईन,” ती म्हणाली. “तुमच्यावर येऊन राहिला आहे, नाही असं नाही. पण माह्यावर जास्ती येऊन राहिला. एका कागदाले मी हो म्हटलं. पोट्ट्यानं म्हटलं होतं, चल, आपण करून टाकू. मीच म्हटलं, चौदा आहे.”

“कलावती...”

“तुमच्या पोरीचं साडेअकरावर अडलं आहे म्हणते लोक. मी तुमाले सांगाले नाही आली काय करा ते. फक्त तिले माहा नंबर द्या. तिले विचारायचं असन तर इचारू द्या, नंतर कसं वाटते ते.”

फोन बंद झाल्यावर मंदाकिनीबाईंनी विचारलं कोण होतं, तर त्यांनी नाव सांगितलं, आणि मंदाकिनीबाई समोरची खुर्ची ओढून बसल्या.

तीन वाजता त्यांनी अनुश्रीला हाक मारली. “त्या लाल चौकटीत लिहिलं आहे ना, नोंदणी करा. कर. पैसे भर.”

“बाबा, अब क्या फायदा?”

“चोरीच्या मालावर लोकाइचे लगन मोडले मी. निदान विकतचं घेऊ दे एकदा.”

तिने भरले. मिनिटभरात लाल चौकट गेली, या वेळी खरोखरची. अनुश्री मागे उभी राहिली. तिने हाताची घडी घातली होती आणि ती कुठेच बघत नव्हती.

“तू आत जा,” यशवंतराव म्हणाले.

“काहून?” ती मराठीत म्हणाली.

“जा म्हटलं ना.”

ती गेली, पण दारापर्यंतच. यशवंतरावांनी उदयची तारीख घातली, वेळ घातली, जन्मगाव अमरावती. मग मुलीची घातली. ती त्यांना पाठ होती, मिनिटासकट, कारण त्या वेळी ते रेल्वेच्या दवाखान्याच्या बाहेर घड्याळाकडेच बघत उभे होते. बटण दाबलं. या वेळी कम्प्युटरने वेळ घेतला. खोट्याला लागला नव्हता तेवढा.

साडेनऊ.

म्हणजे खरं गणित खोट्याहून दोन गुणांनी वाईट निघालं. खाली नाडीदोष, त्याच्याखाली गणदोष, आणि तळाशी सावध करणारी एक ठळक ओळ. सगळं रीतसर, पैसे भरलेलं, अधिकृत. मंदाकिनीबाईंना चष्म्याशिवाय पडदा दिसत नव्हता, पण नवऱ्याचं तोंड दिसत होतं. धर्मपालना पडदा दिसत होता. त्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

“किती?” अनुश्रीने दारातून विचारलं.

यशवंतरावांनी आकड्याकडे पाहिलं. आयुष्यभर त्यांनी आकडा बघून माणसाला उत्तर दिलं होतं. त्यांनी पडद्यावरची खिडकी बंद केली. जपून ठेवू का, असं कम्प्युटरने विचारलं, तर नको म्हणाले.

“पुरेत,” ते म्हणाले.

“पुरेत म्हंजे किती?”

“पुरेत म्हंजे पुरेत. उदयच्या बापाचा नंबर दे.”

अनुश्री दारात तशीच उभी राहिली. “बाबा, सच बोल रहे हो?”

“पैसे भरून घेतलं आहे,” यशवंतराव म्हणाले. “आता मी बोलीन तेच खरं. नंबर दे, लवकर. ते भिलाईले पोहोचायच्या आत.”

तिने नंबर सांगितला. यशवंतराव एकेक आकडा दाबू लागले, आणि दोनदा चुकले.